शहर निवडताना दुसरी नोकरी आधी बघा

"डॅलस बरं की सिअ‍ॅटल?" असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. व्हिसा कोणता आहे? आणि मोठं मूल कितवीत आहे? विचारणाऱ्याला वाटतं, हा विषय बदलतोय. पण या दोन उत्तरांनी अमेरिकेतली निम्मी शहरं यादीतून आपोआप गळतात. देऊळ, वाणसामान, गणपती, मराठी शाळा यांची काळजी आपण उगाच आधी करतो. कुठल्याही मोठ्या शहराच्या आसपास हे सगळं आता मिळतं. सगळीकडे मिळत नाही ती एकच गोष्ट: हातातली नोकरी गेली तर घर न हलवता मिळणारी दुसरी नोकरी.

हे लिहितोय ते मुख्यतः एच-वनवर असलेल्या, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांसाठी. नागरिकत्व मिळालेल्यांनी आणि विशीतल्या एकट्या जिवांनी यातलं हवं तेवढं घ्यावं. त्यांना न्यूयॉर्कला दोन वर्षं राहून बघायला कोण अडवतंय!

आधी एक घोळ निस्तरू. आपण "डॅलसला राहतो" म्हणतो तेव्हा बहुधा फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग नाहीतर कॉपेलला राहत असतो. शिकागो म्हणजे नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग. सिअ‍ॅटल म्हणजे बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश. अटलांटा म्हणजे अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग. वॉशिंग्टन म्हणजे तर चक्क व्हर्जिनियातलं अ‍ॅशबर्न. मूळ शहरात आपलं पाऊल पडतं ते पाहुण्यांना फिरवायला. त्यामुळे "राहण्यासाठी उत्तम दहा शहरं" छापाच्या याद्या आपल्या फारशा कामाच्या नसतात. त्यांतले गुन्ह्यांचे, भाड्याचे, शाळांचे आकडे बरेचदा शहराच्या हद्दीतले असतात आणि आपला मुक्काम हद्दीबाहेर. निवड दोन पायऱ्यांत करायची. नोकरीसाठी महानगर ठरवायचं, मग रोजच्या जगण्यासाठी त्यातला आठ-दहा मैलांचा टापू.

आता नोकरी. एच-वनवाल्याची नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. आय-94 ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. 2017 पासून हा नियम आहे. या मुदतीत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा, म्हणजे मुलाखतींच्या फेऱ्या, ऑफर आणि वकिलाची कागदपत्रं हे सगळं त्याच्याही आधी. प्रत्यक्ष शोधाशोधीला महिना-सव्वा महिना हातात राहतो. अशा वेळी तुमच्या कामाच्या पंधरा-वीस कंपन्या तासाभराच्या अंतरावर असतील तर गोष्ट वेगळी. दोनच असतील, तर नव्या नोकरीबरोबर नवं राज्य, नवी शाळा आणि विकायला काढलेलं घर, सगळं एकदमच अंगावर येतं.

बाजार मोठा असणं वेगळं आणि त्यात नाना तऱ्हेच्या कंपन्या असणं वेगळं. जानेवारी 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनने 18 हजार आणि मायक्रोसॉफ्टने 10 हजार माणसं कमी करत असल्याचं सांगितलं. आकडे जगभरचे होते, पण दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं लेक वॉशिंग्टनच्या दोन बाजूंना. एकाच महिन्यात, एकाच गावात, एकाच तऱ्हेचं काम करणारी माणसं बाहेर पडली आणि त्याच मोजक्या जागांसाठी रांगेत उभी राहिली. सिअ‍ॅटलचे पगार उत्तम, निसर्ग त्याहून उत्तम. पण तिथे जाणाऱ्याने गाठीला सहा महिन्यांचा खर्च ठेवूनच जावं असं माझं मत आहे.

ह्यूस्टनचं दुखणं निराळं. तिथे तेलाचा भाव पडला की तेलाशी दूरचं नातं असलेल्या सॉफ्टवेअरवाल्यालाही झळ लागते. मात्र नवरा किंवा बायको डॉक्टर, नर्स, संशोधक असेल तर टेक्सस मेडिकल सेंटरसारखा दवाखान्यांचा आणि संशोधन संस्थांचा पसारा दुसरीकडे शोधून सापडायचा नाही. बॉस्टन-केंब्रिज हे औषध आणि जैवतंत्रज्ञानाचं माहेरघर. न्यू जर्सी-न्यूयॉर्कला बँका, विमा, औषधं, प्रसारमाध्यमं सगळंच. डॅलसमध्ये रिचर्डसनच्या जुन्या टेलिकॉम कंपन्या आहेत, बँका आहेत, दोन मोठ्या विमान कंपन्या आहेत आणि 2017 मध्ये कॅलिफोर्नियातून प्लेनोला आलेलं टोयोटाचं अमेरिकी मुख्यालयही आहे. शिकागोबद्दल कुणी उत्साहाने बोलत नाही, पण तिथे धान्यापासून शेअर बाजारापर्यंत सगळे धंदे आहेत. एक धंदा बसला म्हणून सारं गाव बसत नाही. बे एरियाबद्दल मी काय सांगावं? महाग आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्याला दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त आहे. दोन्ही खरं.

वॉशिंग्टनच्या बाबतीत सावध राहा. नॉर्दर्न व्हर्जिनियात नोकऱ्यांच्या जाहिराती भरमसाट दिसतात, पण त्यांतल्या कितीतरी सरकारी कंत्राटांच्या असतात. त्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि त्यासाठी नागरिकत्व. एच-वनवाल्यासाठी त्या जाहिराती असून नसल्यासारख्या.

तेव्हा पारख अशी करा. नोकऱ्यांच्या साइटवर तुमचं नेमकं काम टाका, 30 मैलांची त्रिज्या ठेवा. जाहिराती मोजू नका, कंपन्या मोजा. "फक्त नागरिक" आणि "स्पॉन्सरशिप नाही" वाल्या वगळा. उरलेल्या कंपन्या किमान तीन वेगवेगळ्या धंद्यांतल्या असाव्यात. मग हेच सगळं जोडीदाराच्या कामासाठी पुन्हा करा. हे दुसऱ्यांदा करणं लोक हमखास विसरतात. जोडीदार एच-फोरवर असेल तर कामाचा परवाना सहसा मुख्य अर्जदाराचा आय-140 मंजूर झाल्यावरच मिळतो. पण तो आज नाही म्हणून शहर निवडताना त्या व्यक्तीची कारकीर्द हिशेबातून काढून टाकू नका. परवाना येईल तेव्हा गावात तिच्या कामाची जागाच नसेल, तर तो परवाना ओळखपत्रापुरताच उरेल.

आणखी एक. "माझं काम घरूनच आहे, कुठेही राहीन" असं म्हणून परस्पर सामान हलवू नका. एच-वन ठरावीक महानगराच्या परिसराला बांधलेला असतो. त्याबाहेर जायचं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागतो. ग्रीन कार्डासाठीचं लेबर सर्टिफिकेशनही जागेशी जोडलेलं असतं. ते अर्ध्यावर असताना शहर बदललं तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात. आय-140 मंजूर झाला असेल तर रांगेतली तारीख सहसा टिकते, हा दिलासा. भारतीयांची ही रांग दहा-दहा वर्षांच्या वर जाते, तेव्हा वकिलाला एक ईमेल टाकल्याशिवाय भाडेकरारावर सही नको.

आता पैसे. "टेक्ससला जा, टॅक्स नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. टेक्सस, फ्लोरिडा, टेनेसी, वॉशिंग्टन राज्य इथे पगारावर राज्याचा आयकर नाही हे खरं. कॅलिफोर्नियात वरचा दर 13.3 टक्के आहे हेही खरं, पण तो कोट्यधीशांना. दोघांचा मिळून अडीच लाख डॉलर पगार असेल तर कॅलिफोर्नियाचा आयकर साधारण 15 हजारांच्या घरात जातो. टेक्ससमध्ये हे 15 हजार वाचले म्हणायचे. आता तिथे 6 लाखांचं घर घ्या. नव्या वसाहतीत प्रॉपर्टी टॅक्स 2 टक्के धरला तर वर्षाला 12 हजार, म्हणजे महिन्याला हजार डॉलर. वाचलेल्या पैशांतला मोठा वाटा इथेच गेला. टेक्सस स्वस्त आहे ते घरांच्या किमतींमुळे. करांमुळे नव्हे.

या दोन करांमधला एक फरक फार थोडे लोक बोलून दाखवतात. पगार थांबला की आयकर थांबतो. प्रॉपर्टी टॅक्स थांबत नाही, घराचं कर्ज फिटलं तरी नाही. ज्यांच्या नोकरीला 60 दिवसांची टांगती तलवार आहे त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही.

टेक्ससमध्ये घर बघताना एजंटला मुद्दाम विचारा: इथे एमयूडी किंवा पीआयडी आहे का? शहराच्या टोकाला नव्याने उठलेल्या वसाहतींत पाण्याच्या आणि गटाराच्या सोयींसाठी वसाहत बांधताना कर्ज काढलेलं असतं. त्याची फेड घरमालकांच्या करातून होते. रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सारख्याच घराच्या करात यामुळे वर्षाला काही हजारांचा फरक पडू शकतो. राहतं घर असेल तर होमस्टेड सवलतीचा अर्ज विसरू नका. त्याने करपात्र किमतीची वाढ वर्षाला 10 टक्क्यांवर अडते. आणि दरवर्षी वसंतात किमतीची नोटीस आली की प्रोटेस्ट करायचा. मुदत साधारणपणे 15 मे. आपली माणसं भाजीवाल्याशी घासाघीस करतात आणि इथे मात्र आलेला आकडा मुकाट मान्य करतात, याचं मला नवल वाटतं.

कॅलिफोर्नियात उलटं आहे. 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे करपात्र किंमत वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढत नाही. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी घर घेतलेला शेजारी तुमच्या करातला जेमतेम तुकडा भरतो. नव्याने येणाऱ्याला हे खुपतं, दहा वर्षांनी तोच या कायद्याचा कैवारी होतो. न्यू जर्सीत आयकरही आहे आणि प्रॉपर्टी टॅक्सही. तिथल्या घराचं सरासरी बिल 2024 मध्ये वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर गेलं. पण मॅनहॅटनमध्ये नोकरी करून जर्सी सिटीला राहिलात तर न्यूयॉर्क राज्याचा कर लागतो, न्यूयॉर्क शहराचा आयकर लागत नाही. नदीच्या अल्याड राहण्याचं हे एक कारण पुरेसं आहे.

शाळांच्या बाबतीत आपण सगळे एकाच आकड्यामागे धावतो: दहापैकी नऊ, दहापैकी दहा. पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणून चांगल्या शाळेच्या हद्दीत घर, इथपर्यंत ठीक. पण हद्द बदलते. झपाट्याने वाढणाऱ्या गावांत नवी शाळा उघडली की रेषा पुन्हा आखल्या जातात. जुन्या गावांत मुलं कमी झाली की शाळाच बंद होतात. प्लेनोसारख्या नावाजलेल्या शालेय जिल्ह्याने 2024 मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं. जिल्हा बघून घर घ्या. एका इमारतीवर जीव टाकू नका.

मूल आठवी-नववीत असेल तर आणखी पुढचं बघावं लागतं. राज्याच्या विद्यापीठात राज्यातल्या मुलाला आणि बाहेरच्या मुलाला फीमध्ये बऱ्याचदा तिपटीचा किंवा त्याहून जास्त फरक असतो. म्हणजे राज्य निवडताना तुम्ही विद्यापीठही निवडत असता. इलिनॉयला अर्बाना-शँपेन, जॉर्जियाला जॉर्जिया टेक, वॉशिंग्टन राज्याला सिअ‍ॅटलचं विद्यापीठ. नॉर्थ कॅरोलिनात चॅपल हिलच्या विद्यापीठाला बाहेरच्या राज्यांतली मुलं 18 टक्क्यांपुरतीच घेता येतात, म्हणजे तिथल्या रहिवाशांची चंगळ. एच-फोरवरच्या मुलाला रहिवाशाची फी मिळते का, हे मात्र राज्यागणिक वेगळं आहे. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात अटी पुऱ्या केल्या तर मिळू शकते. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, हे गणित तारखेनिशी मांडून ठेवा.

आणि टेक्ससची गंमत तर ऐकाच. 1997 च्या कायद्याप्रमाणे शाळेत वरच्या 10 टक्क्यांत असलेल्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाला गर्दीमुळे कमी मर्यादेची मुभा आहे. ती 6 टक्के होती, 2026 च्या प्रवेशापासून 5 टक्के झाली. आता विचार करा. आपण सगळे मिळून ज्या शाळेची रेटिंग बघून तिथे जमतो, त्या शाळेत वरच्या 5 टक्क्यांत येणं किती अवघड! तिथे मागे पडणारा मुलगा दोन गावं पलीकडच्या साध्या शाळेत पहिल्या दहा मुलांत असता. शिवाय आपोआप मिळतो तो विद्यापीठातला प्रवेश, कॉम्प्युटर सायन्समधला नव्हे. त्यासाठी स्पर्धा वेगळी. म्हणून लहान मुलांसाठी उत्तम प्राथमिक शाळा जरूर बघा, पण हायस्कूलसाठी "सगळ्यात कडक" शाळाच हवी हा हट्ट टेक्ससमध्ये तरी सोडावा.

लहान मुलांचीही एक बारीक गोष्ट. बालवाडीच्या वयाची तारीख सगळीकडे सारखी नाही. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर, व्हर्जिनियात 30 सप्टेंबर. मुलाचा वाढदिवस सप्टेंबरच्या मधला असेल तर एका राज्यात त्याची शाळा सुरू होते, दुसऱ्यात वर्षभर डेकेअरची फी भरावी लागते.

हवामानावर लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात आटोपतो. थंडीने माणूस सहसा पळून जात नाही. शिकागोत जानेवारी 2019 मध्ये पारा उणे 30 सेल्सिअसवर गेला होता, तरी नेपरव्हिल भरलेलंच आहे. त्रास होतो तो काळोखाचा. सिअ‍ॅटलला डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मळभ महिनोन्‌महिने हटत नाही. पुण्या-नाशिकच्या उन्हात वाढलेल्या काहींना ते मानवत नाही. फीनिक्सला 2023 मध्ये सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर गेला, 110 म्हणजे 43 सेल्सिअस. नागपूरकर हसतील, पण नागपूरला जूनमध्ये पाऊस येतो.

संकटं मात्र पैशांत मोजा. ह्यूस्टनला 2017 च्या हार्वी वादळात अ‍ॅडिक्स आणि बार्कर या धरणांच्या मागच्या बाजूची घरं पाण्यात गेली. तिथल्या कित्येकांना आपलं घर धरणाच्या पोटात आहे हे माहीतही नव्हतं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. तो विमा वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेतून घेतला तर लागू व्हायला सहसा 30 दिवस जातात, म्हणजे वादळाची बातमी बघून घेऊन उपयोग नाही. डॅलसला गारा छपरं फोडतात. तिथे पॉलिसीत गारांसाठीचं डिडक्टिबल टक्क्यांत लिहिलेलं असतं. 6 लाखांच्या घराला 2 टक्के म्हणजे पहिले 12 हजार तुमचे. फ्लोरिडात आणि कॅलिफोर्नियाच्या वणव्यांच्या पट्ट्यात तर आधी विमा मिळतोय का ते बघायचं, मग घर आवडलं का ते.

घरात बाळ येणार असेल तर राज्याचे कायदेही वाचा. 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गर्भपाताचे नियम राज्यागणिक बदलले आहेत. टेक्सससारख्या राज्यात ते इतके कडक आहेत की गुंतागुंत झाल्यास डॉक्टर काय करू शकतील आणि कधी, हे आधीच विचारून ठेवणं शहाणपणाचं.

आई-बाबा सहा-सहा महिने येऊन राहणार असतील तर टापू निवडताना त्यांच्या पायांनी निवडा. एडिसन-आयसलिनच्या ओक ट्री रोडजवळ घर असेल तर बाबा सकाळी उठून चालत जातात, मेथीची जुडी घेतात, बाकावर बसलेल्या गुजराती आजोबांशी हिंदीत निवडणुकांवर वाद घालतात आणि जेवायच्या वेळेला घरी येतात. जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरला तर गाडीवाचूनही भागतं, पाथ रेल्वे दाराशी असते. त्याच बाबांना फ्रिस्कोच्या नव्या वसाहतीत जुलैमध्ये ठेवा. घर ऐसपैस, स्वतंत्र खोली, पण फुटपाथवर चिटपाखरू नाही आणि जवळचं दुकान तीन मैलांवर. दुसऱ्या आठवड्यात परतीच्या तिकिटाची चौकशी सुरू होते. आई एकटी येणार असेल तर एका थांब्यात मुंबई गाठता येते का तेही बघा. नेवार्कहून थेट विमान आहे, हा न्यू जर्सीचा आणखी एक गुण.

मराठीपणाची चिंता नको, असं वर म्हटलं ते खरंच. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ 1969 चं, सगळ्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं. बे एरिया, डॅलस, सिअ‍ॅटल, न्यू जर्सी, सगळीकडे मंडळं आहेत, नाटकं होतात, ढोल-ताशा पथकंही आहेत. फक्त मराठी शाळा तुमच्या घरापासून किती मिनिटांवर भरते ते बघा. चाळीस मिनिटांच्या पुढची रविवारची शाळा दुसऱ्या वर्षी सुटते.

दोन शहरं नक्की झाली की तिथे एकेक आठवडा राहून या, आणि तेही तिथल्या वाईट मोसमात. डॅलस ऑगस्टमध्ये, सिअ‍ॅटल जानेवारीत. ऑक्टोबरात सगळीच शहरं गोजिरी दिसतात. मंगळवारी सकाळी आठला निवडलेल्या टापूतून ऑफिसपर्यंत गाडी चालवा, संध्याकाळी पाचला परत या. वाटेतला टोल महिन्याचा काढा. एक दिवस तरी जोडीदाराला गाडीशिवाय त्या टापूत सोडून बघा.

आणि पहिलं वर्ष भाड्याने राहा. इथे एक गोष्ट मागून घ्यायची. ऑक्टोबरात आलात आणि 12 महिन्यांचा करार केलात तर तो पुढच्या ऑक्टोबरात, शाळा ऐन भरात असताना संपतो. त्यापेक्षा जूनअखेर संपेल असा 8-9 महिन्यांचा करार मागा. मोठ्या अपार्टमेंटची ऑफिसं बहुतेक वेळा देतात. मुदतीआधी सोडावं लागलं तर किती दंड, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. विचारलं नाहीत तर 12 चाच छापील करार पुढे येतो.